धसका मोजता येतो का? बायोफीडबॅक, न्यूरोफीडबॅक आणि आपली झाडीपट्टी

(या भागाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून. सुरुवातीलाच सांगतो: यात वाघाच्या हल्ल्याचा आणि स्फोटाचा उल्लेख आहे. त्रास होत असेल तर थेट 'मग आज काय करता येईल' या भागावर जा.)

कानात हेडफोन आहेत ना? असू द्या. पण गाडी चालवत असाल तर हा भाग नंतर ऐका, कारण मध्येच मी तुम्हाला श्वासाचं एक छोटं काम देणार आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्समध्ये पाहिला असेल. डोक्यावर तारा लावलेला माणूस, समोर स्क्रीन, स्क्रीनवर उडणारं विमान, आणि खाली कॅप्शन: 'ट्रॉमा बरा करा, औषधांशिवाय.' याला म्हणतात न्यूरोफीडबॅक. त्याचा मोठा भाऊ म्हणजे बायोफीडबॅक. हे खरंच काम करतं का? आणि करत असेल तर सिंदेवाही, सावली, कुरखेडा, भामरागडच्या माणसाला त्याचा काय उपयोग? आज हेच बघू.

आपल्याकडे याला शब्द आहे

पीटीएसडी हा शब्द अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तकात १९८० साली आला, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर. आपल्याकडे त्याच्या आधीपासून एक शब्द आहे: धसका. 'वाघाचा धसका बसला.' 'त्या दिवसापासून धसकाच घेतला जी.' आजी हे सांगायची तेव्हा ती लक्षणंच सांगत होती. झोप उडणं, पाला वाजला तरी दचकणं, त्या रस्त्याने जायचं टाळणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, आणि घरात सगळे असताना आपण एकटेच लांब असल्यासारखं वाटणं. असा त्रास महिन्याहून जास्त टिकला आणि रोजचं काम अडायला लागलं, तर डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात.

आपल्या भागात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यातले सगळ्यात जास्त चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि त्यानंतर तेंदूपत्ता तोडायला माणसं जंगलात जातात, तीही वाकून काम करत. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळप फिरतोय. आणि तिथल्या हिंसेची कितीतरी वर्षं तर सगळ्यांनाच माहीत आहेत. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले.

जे गेले त्यांची बातमी होते. जी बाई त्याच घोळक्यात होती आणि पळत गावात परत आली, तिची होत नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकारची मदत २०२३ मध्ये २५ लाखांपर्यंत नेली गेली, आणि ते योग्यच झालं. पण त्या मदतीचे रकाने बघा: मृत्यू, कायमचं अपंगत्व, गंभीर जखम, किरकोळ जखम. अंगावर ओरखडासुद्धा नाही पण सहा महिने झोप नाही, अशा माणसाने कोणता रकाना भरायचा?

सुंदरबनात डॉ. अरबिंद चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाच्या हल्ल्यात नवरा गमावलेल्या बायकांचा अभ्यास केला. तिथे त्यांना 'व्याघ्रविधवा' म्हणतात. धसका, नैराश्य आणि वर गावाने लावलेला अपशकुनीपणाचा ठपका, असं तिहेरी ओझं त्यांना तिथे दिसलं. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल.

बायोफीडबॅक म्हणजे नेमकं काय?

अगदी सोपं करून सांगतो. शरीरात काय चाललंय ते एरवी आपल्याला दिसत नाही. यंत्र ते मोजतं आणि लगेच आपल्याला परत दाखवतं. आरशात बघून केस नीट करतो ना, तसं. आरसा स्वतः केस विंचरत नाही, तो फक्त दाखवतो.

काय काय मोजतात? हृदयाचे ठोके आणि दोन ठोक्यांमधलं कमी-जास्त होणारं अंतर. श्वास. बोटांचं तापमान, कारण घाबरलं की बोटांकडचं रक्त कमी होतं आणि हात गार पडतात. तळहाताचा घाम. खांद्या-मानेच्या स्नायूंचा ताण. आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या की त्याला म्हणायचं न्यूरोफीडबॅक.

न्यूरोफीडबॅकमध्ये डोक्याच्या त्वचेवर सेन्सर चिकटवतात. ते मेंदूत वीज सोडत नाहीत, फक्त ऐकतात. हे नीट लक्षात घ्या, कारण गावात हमखास विचारतात, 'शॉक देतात का?' नाही, देत नाहीत. मेंदूच्या लहरींचे वेगावरून प्रकार पाडले आहेत. साधारण सेकंदाला ४ ते ८ वेळा हलणारी थीटा, ८ ते १२ वेळा अल्फा, त्याहून जलद बीटा. लहरी ठरवलेल्या पट्ट्यात आल्या की स्क्रीनवरचं विमान पुढे जातं, बाहेर गेल्या की थांबतं. असं वीस-तीस वेळा बसलं की मेंदू हळूहळू ती वाट शिकतो, असं या पद्धतीचं म्हणणं आहे.

लोणावळा, जर्मनी आणि मांजरं

याचा इतिहास भारी आहे, पण थोडक्यात सांगतो. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या विजेची पहिली नोंद घेतली १९२४ साली. त्याच वर्षी आपल्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. योगाच्या क्रिया करताना शरीरात काय होतं हे एक्स-रे आणि दाब मोजायच्या उपकरणांनी तपासायचं, हे तिथलं काम. 'मनाने शरीरावर ताबा' ही गोष्ट श्रद्धेवर न सोडता मोजून बघायची, हे महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं.

पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना मेंदूची एक ठराविक लहर वाढवायला शिकवलं. त्यातूनच फिट येणाऱ्या रुग्णांवरचे प्रयोग निघाले. १९६९ मध्ये या विषयाची संघटना स्थापन झाली आणि 'बायोफीडबॅक' हे नाव रुळलं. १९९१ मध्ये पेनिस्टन आणि कुल्कोस्की यांनी व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर न्यूरोफीडबॅक वापरल्याचं प्रसिद्ध केलं. तिथून हा विषय थेट ट्रॉमाशी जोडला गेला.

पुरावा किती पक्का?

इथे जरा लक्ष द्या, कारण रील्समध्ये हा भाग नसतो.

२०१६ मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी ५२ जणांवर एक अभ्यास केला. वर्षानुवर्षं पीटीएसडी असलेले, इतर उपचारांनी पूर्ण बरे न झालेले लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून दोनदा असं १२ आठवडे, म्हणजे २४ वेळा न्यूरोफीडबॅक. दुसरा गट प्रतीक्षायादीवर. शेवटी न्यूरोफीडबॅकच्या गटात सुमारे २७ टक्के लोकांना पीटीएसडी उरला होता, दुसऱ्या गटात सुमारे ६८ टक्के लोकांना. फरक मोठा आहे.

पण दुसरा गट नुसता थांबलेला होता. कुणीतरी आठवड्यातून दोनदा आपुलकीने समोर बसतंय, विचारपूस करतंय, याचाही परिणाम होतोच ना? तो वेगळा कसा काढणार? त्यासाठी खोटं मशीन लावून बघावं लागतं. २०१७ मध्ये निद्रानाशाच्या रुग्णांवर असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या आणि खोट्या न्यूरोफीडबॅकमध्ये फरक दिसला नाही. लोकांना बरं वाटलं, पण दोन्हीकडे सारखंच.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पीटीएसडीसाठी एका न्यूरोफीडबॅक उपकरणाला परवानगी दिली, पण चालू उपचारांच्या जोडीला. आपल्या देशात बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूला मार लागलेल्या रुग्णांवर न्यूरोफीडबॅकचे अभ्यास झाले आहेत. तेव्हा ही भोंदूगिरी नाही. पण आज ट्रॉमासाठी सगळ्यात पक्का पुरावा आहे तो प्रशिक्षित माणसासोबत बोलून केलेल्या उपचारांचा: ट्रॉमा-केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर. न्यूरोफीडबॅक त्यांच्या मागे, आशादायक पण अजून परीक्षा देणारा विद्यार्थी आहे.

आता हे भामरागडला नेऊन बघा

समजा पुरावा शंभर टक्के आहे. तरी हिशेब करा. २४ बैठका, आठवड्यातून दोन. अशी सोय मिळेल ती नागपूरसारख्या शहरात. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून जास्त. एका बैठकीला जाणं-येणं-मुक्काम, म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडाली. आठवड्यात दोनदा म्हटल्यावर आठवडाच संपला. शिवाय पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. मशीन कितीही चांगलं असू द्या, त्या माणसासाठी ते नसल्यातच जमा.

हवामानाचंही बघा. बोटांच्या तापमानाचा बायोफीडबॅक थंड देशात छान चालतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे कुणाचे हात गार पडणार? तळहाताच्या घामाचंही तेच. एसी खोली नसेल तर हे दोन आकडे आपल्याकडे अर्धं वर्ष बिनकामाचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पीटीएसडीतला पहिला शब्द आहे 'पोस्ट', म्हणजे नंतरचा. प्रसंग संपला आणि शरीराला ते अजून कळलेलं नाही, असं गृहीत आहे. पण ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्यासाठी प्रसंग संपलाय कुठे? वाघ अजून त्याच नाल्यात आहे आणि उद्या पहाटे धानाला पाणी द्यायला त्याच बांधावर जायचंय. गस्तीवरच्या जवानाचंही तसंच. त्याची सावधगिरी हा आजार नाही, ती त्याला जिवंत ठेवते.

म्हणून इथे ध्येय वेगळं लागेल. भीती पुसून टाकायची नाही. भीतीचं बटण आपल्या हातात घ्यायचं. जंगलात कान टवकारलेले असावेत, पण घरी आल्यावर, जेवताना, लेकराजवळ झोपताना ते खाली यावेत. धसका घेतलेल्या माणसाचं बटण 'चालू'वर अडकलेलं असतं. बायोफीडबॅक ते खाली करायचा सराव देतं. कुणी 'निर्भय करून देतो' म्हणत असेल तर आपल्या भागात ते धोक्याचं आहे, सरळ सांगतो.

मण्यांचं श्वासमापक

स्वस्तात मोजमाप ही गडचिरोलीला नवी गोष्ट नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी एक साधं श्वासमापक बनवलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. पन्नास-साठपर्यंत मोजता न येणारी दाईसुद्धा हे करू शकायची. बॅटरी नाही, नेटवर्क नाही.

ते बायोफीडबॅक नव्हतं, निदानाचं साधन होतं. पण त्यातली शिकवण आपल्या कामाची आहे: मोजमाप गावातल्या माणसाच्या हातात द्या. कोविडमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताईंच्या हातात ऑक्सिमीटर आलाच की. तो नाडीचा आकडा दाखवतो. बोटाला लावून सावकाश श्वास घेतला तर श्वास आत घेताना आकडा थोडा चढतो, सोडताना उतरतो. यंत्र काही सेकंदांची सरासरी काढतं म्हणून जरा उशिरा दिसतं, पण दिसतं. म्हणजे एक साधा बायोफीडबॅक कदाचित तुमच्या घरातल्या ड्रॉवरमध्येच पडलेला असेल.

मग आज काय करता येईल

हृदयाच्या ठोक्यांचा बायोफीडबॅक देणारे तज्ज्ञ बहुतेक लोकांना मिनिटाला सहा श्वासांच्या आसपास आणतात. या वेगाला श्वास, ठोके आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा एका तालात येते. गंमत अशी की २००१ च्या एका अभ्यासात इटलीतल्या संशोधकांना दिसलं की ख्रिस्ती जपमाळ आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहावर येतो. तेव्हा तुमच्या आजीची माळ अगदीच अशास्त्रीय नाही.

करून बघा. भिंतीला पाठ टेकवून बसा. पाय जमिनीवर. डोळे उघडेच ठेवा, दार दिसेल असं बसा. मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. ओढूनताणून नाही, पोट भरायचं नाही. आधी दोन मिनिटं. जमलं तर हळूहळू दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. घड्याळात किंवा ऑक्सिमीटरवर आकडा बघता आला तर बघा, नाहीतर गालाला हात लावा. थंडीच्या दिवसांत सरावाआधी गार असलेला हात नंतर कोमट लागला, तर तो तुमचा फीडबॅक.

आता सावधगिरी. धसका घेतलेल्या काही लोकांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. शांत झालं की आठवण वर येते. असं झालं तर थांबा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा, पाणी प्या, चालायला लागा. ज्यांना फिट येते, हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही मशीन लावू नये.

घरात कुणाला असा त्रास असेल तर 'काय झालं ते सगळं सांग' म्हणून उकरू नका. ज्याला बोलायचं नाही त्याला प्रसंगानंतर लगेच सगळं सांगायला लावणं फायद्याचं नसतं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जवळ बसा, जेवू घाला, रात्री बाहेर जाताना सोबत जा. काका म्हणतील, 'मले काई झालं नाई.' वाद घालू नका. 'झोप लागते का?' एवढंच विचारा. झोपेबद्दल माणूस बोलतो. कुणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणू नका. आणि दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी धसक्यावरचं औषध म्हणून ती घरात येते हे आपण सगळे जाणतो. त्या रात्री झोप येते, पण तुटक येते आणि धसका तिथेच राहतो. पुजाऱ्याकडे जायचं असेल तर जाऊ द्या, पण सोबत दवाखानाही करा.

क्लिनिकवाल्याला विचारायचे प्रश्न

तरीही शहरात जाऊन न्यूरोफीडबॅक घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी विचारा. तुमचं शिक्षण काय, तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहात का? मशीनसोबत बोलण्याचे उपचारही देता का? किती बैठका, एकूण खर्च किती? फरक पडतोय हे कसं आणि कितव्या बैठकीला तपासणार? त्रास वाढला तर काय करणार? 'शंभर टक्के गॅरंटी' असं उत्तर आलं, किंवा सगळे पैसे आधी मागितले, की चप्पल घाला आणि निघा. चालू असलेली औषधं कुणा मशीनवाल्याच्या सांगण्यावरून बंद करू नका.

आणि सगळ्यात जवळचा रस्ता: टेलिमानस, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटतोय असं घरातलं कुणी म्हणालं तर उद्यावर टाकू नका, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच फोन लावा. जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो, तिथेही जाता येतं.

तुमच्यातले काही जण आशाताईंची मुलं असाल, काही वनरक्षक, काही पोलीस भरतीची तयारी करणारे. तुमच्या गावात पुढच्या वेळी पंचनामा होईल तेव्हा जखमा मोजल्या जातील. तिथे उभे राहून एक प्रश्न तुम्ही विचारा: सोबत कोण कोण होतं? त्यांची नावं लिहून ठेवा. महिनाभराने त्यांच्या घरी जा आणि विचारा, झोप लागते का. यासाठी कुठलंही मशीन लागत नाही, आणि पुढचा सगळा उपचार इथूनच सुरू होतो.

हा भाग गावच्या ग्रुपवर टाका. फक्त ऑडिओ नको, १४४१६ हा नंबर वेगळा टाईप करून टाका. सगळे ऐकतीलच असं नाही, पण नंबर राहतो. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या जी!